नायक आपला, पण कादंबरी?

ऐतिहासिक कादंबरीवर मराठी वाचकाने जेवढे प्रेम केले, तेवढे फार थोड्या वाङ्मयप्रकारांच्या वाट्याला आले असेल. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून आजवर दीडशेहून अधिक वर्षे हे प्रेम अखंड वाहत आले आहे. हरिभाऊ आपटे, नाथमाधव, वि. वा. हडप यांच्यापासून रणजित देसाई, ना. सं. इनामदार, गो. नी. दांडेकर, शिवाजी सावंत यांच्यापर्यंत पिढ्यामागून पिढ्या या कादंबऱ्यांवर वाढल्या. शाळेतील सनावळ्या विसरल्या गेल्या. पण थेऊरच्या मंदिरात अखेरचे श्वास मोजणारा तरुण पेशवा विसरला गेला नाही. इतिहास घराघरांत पोहोचवण्याचे जे काम संशोधकांच्या जाडजूड खंडांना साधले नाही, ते या कादंबऱ्यांनी केले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

आज मात्र याच वाचकवर्गातून निराशेचा एक सूर वारंवार कानी येतो. मुखपृष्ठावर घोडा, भगवा आणि पाठमोरी नायिका. आत पाच-सहाशे पाने. आणि वाचून झाल्यावर हाती काय, तर दोन सुंदर माणसांची भेट, विरह आणि अश्रू. राज्य, रणांगण, रयत हे सारे पडद्यावर रंगवलेल्या देखाव्यासारखे मागे लोंबत राहते. “प्रेमकथाच वाचायची होती तर पेशव्यांना कशाला त्रास दिला?” ही वाचकाची तक्रार वरवर मिस्कील वाटते, तिच्या तळाशी मात्र खरी वेदना आहे. ती समजून घेणे ज्यांनी समाजमन घडवण्याचे व्रत घेतले आहे, त्यांचे कर्तव्य ठरते.

ग्रंथालयाच्या फळीवरचा प्रश्न

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या चोखंदळ समीक्षकांचा नाही. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हे गाव डोळ्यांसमोर आणावे. चहूबाजूंनी डोंगर आणि अरण्य, मध्यभागी विस्तीर्ण तलाव, धानाच्या बांध्या, हिवाळ्यात दूरदेशींहून उतरणारे पक्षी. या परिसरात १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून येथे जी वर्षे घालवली, त्यांतून ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक मराठीला मिळाले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या आणि २०२५ साली निवर्तलेल्या या लेखकाने अरण्य आधी पायांखाली घातले आणि मगच लिहिले. या तलावाकाठी राहणाऱ्या वाचकाला पाहिलेले आणि न पाहिलेले लेखन यांतील भेद वेगळा शिकवावा लागत नाही.

अशा गावांतील वाचनाची सारी भिस्त सार्वजनिक ग्रंथालयावर असते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने खेडोपाडी ग्रंथालये उभी राहिली. पण ‘अ’ ते ‘ड’ या वर्गवारीत ग्रामीण ग्रंथालये बहुधा तळाशी असतात आणि त्यांचे अनुदानही तसेच तुटपुंजे असते. ग्रंथखरेदीची रक्कम मोजकीच. त्यात एक जाडजूड, महागडी ऐतिहासिक कादंबरी आली की दोन-तीन चांगल्या पुस्तकांची जागा आणि पैसा ती एकटीच घेते. शहरातला वाचक पुस्तक नावडले तर दुसरे विकत घेतो. खेड्यातल्या वाचकाला ते स्वातंत्र्य नाही. जे फळीवर आले तेच त्याच्या वाट्याचे. आठवीतली मुलगी, नोकरीसाठी परीक्षांची तयारी करणारा तरुण, निवृत्त शिक्षक आणि दुपारच्या विसाव्यात चार पाने वाचणारी गृहिणी या सर्वांच्या हातांतून तेच एक पुस्तक फिरते. संभाजीराजे, बाजीराव, ताराराणी यांची जी प्रतिमा त्या पुस्तकात असेल, तीच त्या गावात पुढची वीस-पंचवीस वर्षे नांदते. निराश करणारी कादंबरी ही म्हणूनच केवळ वाया गेलेली संध्याकाळ नसते.

वाचक नेमका कशावर रागावतो?

वाचकाला प्रेमकथाच नको आहे, असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. मराठी वाचक इतका रुक्ष कधीच नव्हता. ‘स्वामी’ १९६२ साली आली आणि माधवराव-रमाबाईंच्या हळुवार सहजीवनाने तिने महाराष्ट्राला वेड लावले. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला. त्या प्रीतीला वाचक भुलला, कारण तिच्या पाठीशी एक कठोर वास्तव उभे होते. पानिपतच्या आघातानंतर सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे स्वीकारणारा मुलगा, घरात राघोबादादांचे कारस्थान, दारात निजाम, १७६३ चे राक्षसभुवन, दरबारात रामशास्त्र्यांचा धाक आणि देहात पसरत चाललेला क्षय. या ओझ्याखाली मिळालेला निवांतपणाचा एखादा क्षण मोलाचा वाटतो तो त्यामुळेच. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी माधवराव गेले, तेव्हा वाचकाला एका पतीच्या मृत्यूबरोबर एका राज्याची आशा मावळल्याचेही दुःख होते. प्रीती आणि कर्तव्य यांच्या ताणातूनच कथेला उंची येते. कर्तव्य काढून टाकले की उरते ते केवळ सजवलेले दालन.

वाचकांच्या तक्रारी एकत्र मांडल्या, तर त्या मुख्यतः चार आहेत.

पहिली तक्रार प्रमाणभानाची. थोरल्या बाजीरावांचे उदाहरण घ्यावे. १७२८ मध्ये पालखेडला निजामाला न लढता कोंडीत पकडणे, १७२९ मध्ये बुंदेलखंडात छत्रसालाच्या हाकेला धावून जाणे, १७३७ च्या वसंतात दिल्लीच्या वेशीवर धडकणे, त्याच वर्षअखेरीस भोपाळला निजामाला पुन्हा वेढणे आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे देह ठेवणे. अवघी वीस वर्षांची पेशवाई आणि ती बहुतेक घोड्याच्या पाठीवर गेलेली. या पुरुषाच्या जीवनात मस्तानी होती, हे कोणी नाकारीत नाही. तिचा पुत्र समशेरबहाद्दर १७६१ च्या पानिपत संग्रामात मराठ्यांच्या बाजूने लढून कामी आला, ही गोष्टच त्या नात्याचे मोल सांगायला पुरेशी आहे. पण जेव्हा पालखेडला दोन परिच्छेद आणि महालातील चांदण्याला दोनशे पाने मिळतात, तेव्हा वाचकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते. बाजीरावांचे प्रेम मोठे वाटायचे, तर आधी बाजीराव मोठे दिसले पाहिजेत.

दुसरी तक्रार स्त्रियांविषयी आहे आणि ती बहुधा स्त्रीवाचकांकडून येते. या कादंबऱ्यांतील स्त्री एक तर लावण्यवती असते, नाही तर मत्सरी. विचार करणारी, हिशेब ठेवणारी, निर्णय घेणारी स्त्री त्यांत क्वचितच आढळते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. महाराणी ताराबाईंनी १७०० ते १७०७ अशी सात वर्षे औरंगजेबाच्या बलाढ्य सैन्याविरुद्ध राज्य तगवून धरले. रायगड पडल्यावर येसूबाईंनी मोगलांच्या कैदेत दीर्घ काळ काढला. काशीबाईंना रडण्यापलीकडे काही भूमिकाच नाही, असे मानणाऱ्या लेखकाने पेशव्यांच्या घरातील स्त्रियांचा वकूब जाणलेला नाही. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचताना दाखवले गेले, तेव्हा पेशवे घराण्याच्या वंशजांसह अनेकांनी आक्षेप नोंदवला. तो चित्रपट इनामदारांच्या ‘राऊ’वर बेतलेला होता. ‘राऊ’ वाचून हळहळलेला वाचक पडद्यावरचा तो नाच पाहून अस्वस्थ झाला. घराण्याची रीत, काळाची मर्यादा आणि दोन स्त्रियांच्या मनांतील सल यांचे काहीच भान न ठेवता केवळ नेत्रसुखासाठी त्यांना एका रिंगणात उभे केले गेले, हे त्याला बोचले.

तिसरी तक्रार शत्रूच्या चित्रणाची. ती काहींना अनपेक्षित वाटेल. हल्लीच्या अनेक कादंबऱ्यांत प्रतिपक्ष म्हणजे कामांध, भित्रा आणि मूर्ख असा एकच साचा असतो. नायकाने तलवार उपसावी आणि त्याने कोलमडावे. वाचणाऱ्याला क्षणभर बरे वाटते, पण त्यात हानी नायकाचीच होते. औरंगजेब १६८१ च्या अखेरीस दक्षिणेच्या वाटेला लागला, तो पुन्हा उत्तरेस परतलाच नाही. १७०७ साली अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, त्याचा अंत झाला. पंचवीस वर्षे हिंदुस्थानचा बादशहा आपल्या साऱ्या सामर्थ्यानिशी येथे ठाण मांडून बसला आणि तरीही मराठ्यांना संपवू शकला नाही. तो जर खुळा आणि नादान होता, तर संभाजीराजांचे बलिदान, राजाराम महाराजांची जिंजी आणि संताजी-धनाजींची धावपळ यांचे मोल ते काय राहिले? इनामदारांनी १९७० साली ‘शहेनशहा’ लिहून औरंगजेबाला कादंबरीचा नायक केले आणि मराठी वाचकाने ती कादंबरी आदराने वाचली. शत्रूला समजून घेतल्याने निष्ठा पातळ होत नाही. उलट, विजयाची किंमत कळते.

चौथी तक्रार साध्या अज्ञानाची. झाडीपट्टीतला शेतकरी वाचक ती सर्वांआधी ओळखतो. वैशाखात डोलणारी धानाची शेते, भर पावसाळ्यात नद्या ओलांडून झपाझप निघालेली फौज, एका रात्रीत शंभर कोस तोडणारा घोडा, लढाईच्या धामधुमीत दाण्यागोट्याची चिंताच नसलेले लष्कर. आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात रोवणी करणाऱ्याला आणि दिवाळीच्या सुमारास कापणीला लागणाऱ्याला असली वर्णने वाचून हसू येते. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून का निघत, हे ज्या लेखकाला उमगले नाही, त्याने रणांगणाच्या वाटेला जाऊ नये.

हातोडा आणि लेखणी

मग अशा लेखनाला उत्तर काय द्यावे? या प्रश्नाचा विचार करताना संभाजीराजांच्या चरित्राला वाङ्मयात जे भोग भोगावे लागले, त्यांचा इतिहास मोलाचा आहे. दीर्घकाळ बखरींच्या आधारे राजांचे चित्र व्यसनी आणि स्त्रीलंपट असे रंगवले गेले. ‘थोरातांच्या कमळे’ची कल्पित प्रेमकथा रंगभूमीवरून आणि पडद्यावरून लोकांच्या मनांत इतकी रुजली की, तीच खरी वाटू लागली. राम गणेश गडकरींचे ‘राजसंन्यास’ हे अपूर्ण नाटकही त्याच परंपरेतल्या समजुतींवर उभे होते. ज्या गडकरींनी मराठी भाषेला अलौकिक वैभव दिले आणि १९१९ साली विदर्भातल्याच सावनेर येथे देह ठेवला, त्या थोर नाटककाराला हाती असलेल्या सदोष साधनांनी चकवले.

याला उत्तर देण्याचे दोन मार्ग महाराष्ट्राने पाहिले. एक मार्ग वा. सी. बेंद्रे यांचा. त्यांनी कोणाला शिवी दिली नाही, की कोणाचे पुस्तक जाळले नाही. अनेक दशके कागद धुंडाळले, परकीय दप्तरे तपासली, बखरकारांचे हेतू उलगडले आणि १९६० साली ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा चरित्रग्रंथ सिद्ध केला. पाठोपाठ डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ साली आला. त्यांनी नांगरलेल्या भूमीतच १९७९ साली शिवाजी सावंतांची ‘छावा’ उगवली. १६८१ ते १६८९ अशी सुमारे आठ वर्षे मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी एकाच वेळी झुंजणारा, संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा आणि मृत्यूसमोर न वाकणारा राजा महाराष्ट्राला नव्याने भेटला. आज लहान मूलही संभाजीराजांचे नाव ज्या अभिमानाने घेते, त्याचे श्रेय प्रथम त्या संशोधकाच्या लेखणीला आहे.

दुसरा मार्ग जानेवारी २०१७ मध्ये पुण्याने पाहिला. रात्रीच्या अंधारात संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकण्यात आला. या कृत्याने संभाजीराजांविषयी एक अक्षरही नवे कळले नाही. ‘राजसंन्यास’ला जे उत्तर द्यायचे ते बेंद्र्यांनी सत्तावन्न वर्षे आधीच देऊन ठेवले होते. ज्यांना ते वाचण्याचा कंटाळा होता, त्यांनी हातोडा उचलला. समाजाच्या अस्मितेचे रक्षण अशा अंधारातल्या पराक्रमांनी होत नसते, हे हिंदुत्वाचा विचार मानणाऱ्यांनी तर अधिक स्पष्टपणे सांगायला हवे.

सभ्य आणि ठाम आक्षेपाचा परिणाम होत नाही, असेही नाही. २०२५ च्या जानेवारीत ‘छावा’ चित्रपटाच्या झलकेत संभाजीराजे आणि येसूबाई लेझीम खेळत नाचताना दिसले. शिवप्रेमी मंडळींनी आणि सार्वजनिक जीवनातील अनेकांनी आक्षेप घेतला. दिग्दर्शकाने ते दृश्य वगळले आणि फेब्रुवारीत चित्रपट प्रदर्शित झाला. लेझीम हा काही हीन प्रकार नव्हे. तो तर मराठी मातीतला मर्दानी खेळ. तेथे प्रश्न औचित्याचा होता आणि तो बोलून, समजावून सुटला. प्रेक्षकाने तोंड उघडले, की निर्मात्याला कान द्यावा लागतो. वाचकाने मात्र हे अद्याप पुरेसे ओळखलेले नाही. न आवडलेले पुस्तक तो निमूटपणे परत करतो आणि तक्रार पारावर करतो. लेखकाला, प्रकाशकाला, ग्रंथालयाच्या समितीला दोन ओळींचे पत्रही तो लिहीत नाही.

लेखकाच्या स्वातंत्र्याची कक्षा

“कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, लेखकाला कल्पनेचे स्वातंत्र्य हवेच,” असा युक्तिवाद यावर होतो. तो खोटा नाही. कादंबरीकाराने तळटीपा देत बसावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. गुंजीकरांचा मोचनगडही नकाशावर सापडत नाही. परंतु स्वातंत्र्याची एक स्वाभाविक कक्षा असते. जेथे कागद मुका आहे, तेथे कल्पनेने बोलावे; जेथे कागद बोलतो, तेथे कल्पनेने त्याचे तोंड दाबू नये. माधवराव आणि रमाबाई एकांतात काय बोलले, हे कोणत्याही दप्तरात नाही. ते लेखकाचे राज्य. पण माधवरावांचा स्वभाव, त्यांची करडी शिस्त, त्यांचे निर्णय यांची पत्रे उपलब्ध आहेत. त्या पत्रांतला माणूस जे बोलणारच नाही, ते त्याच्या तोंडी घालण्याचा अधिकार कोणासही नाही.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि १९०२ साली ‘कादंबरी’ या विषयावर विस्तृत निबंध लिहिला. गावोगाव फिरून, माळ्यावरची दप्तरे सोडवून पत्रे जमवणाऱ्या या तपस्व्याला कादंबरीचा विचार करणे क्षुल्लक वाटले नाही, यातच सर्व आले. साधने आणि साहित्य या एकाच राष्ट्रकार्याच्या दोन बाजू आहेत, हे त्या पिढीने ओळखले होते. आजच्या लेखकासमोर तेव्हापेक्षा कितीतरी पटींनी अधिक साधने छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. इतके असूनही तो मागच्या कादंबरीवरून पुढची कादंबरी बेतत असेल, तर त्याला आळसाखेरीज दुसरे नाव नाही.

येथे गो. नी. दांडेकरांचे स्मरण अपरिहार्य आहे. विदर्भातल्या परतवाड्यात १९१६ साली जन्मलेल्या अप्पांनी सारे गडकोट पायी पालथे घातले. ‘बया दार उघड’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’, ‘हे तो श्रींची इच्छा’ या त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांत महाराज बहुधा दूरच असतात. समोर असतात ती साधी माणसे. त्यांच्या घरात चूल आहे, त्यांच्या प्रेमात लाज आहे, त्यांच्या भाषेत मातीचा वास आहे आणि त्यांच्या डोळ्यांत स्वराज्याचे स्वप्न आहे. राज्य हे राजाच्या दालनात घडत नाही. ते अशा असंख्य अनामिकांच्या कष्टांतून घडते, हा संस्कार या कादंबऱ्या उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता करतात. संघटनेचे काम करणाऱ्याला तर हे अधिकच जवळचे वाटावे.

आरसा स्वतःकडेही

या साऱ्या चर्चेत एक कटू गोष्ट बोललीच पाहिजे. निराश करणाऱ्या कादंबऱ्या फोफावल्या, याला राष्ट्रीय विचारांचा वाचकही काही अंशी जबाबदार आहे. मुखपृष्ठावर भगवा आहे, नायक वंदनीय आहे, अर्पणपत्रिकेत आईभवानीचे नाव आहे, एवढ्यावर पुस्तक उचलले जाते, भेट दिले जाते, व्याख्यानमालेत गौरवले जाते. परीक्षण लिहिणारा नायकाचे गुण सांगतो आणि लेखकाचे दोष झाकतो. “विषय आपला आहे ना, मग सांभाळून घ्या,” ही भलामण अनेक ठिकाणी ऐकू येते. पण विषय आपला म्हणूनच कसोटी अधिक कडक हवी. देवाच्या नैवेद्याला नासके फळ चालत नाही. मग राष्ट्रपुरुषाच्या चरणी नासके पुस्तक का चालावे? परपक्षाच्या लेखनातील एक चुकीचा सन शोधून काढणारे डोळे स्वपक्षाच्या लेखनातील शंभर चुकांवरून सरकतात, तेव्हा विरोधकांना टीकेची आयती संधी मिळते. त्याहून मोठी हानी अशी की, घरातील चुणचुणीत मुलगा किंवा मुलगी त्या चुका ओळखते आणि पुस्तकाबरोबर विषयावरचाही विश्वास गमावून बसते.

कार्यकर्त्यांनी गावोगावच्या ग्रंथालयांतून महिन्यातून एकदा वाचकांची बैठक भरवावी. एक ऐतिहासिक कादंबरी आणि त्याच काळावरचे एक चरित्र किंवा पत्रसंग्रह शेजारी ठेवून वाचावा. कादंबरीत काय घेतले, काय गाळले, काय कल्पिले, हे तरुणांनीच शोधावे. जे आवडले नाही ते सभ्य शब्दांत लेखकाला कळवावे. लेखकांनीही प्रस्तावनेत आधार कोणते, परंपरा कोणती आणि कल्पना कोठे, एवढे प्रांजळपणे सांगावे. यात बंदीची भाषा नाही, बहिष्काराची नाही. आहे ती केवळ डोळस वाचनाची.

तलावाच्या तळाशी

नवेगाव बांधच्या वाचकाची आणखी एक व्यथा आहे, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे पुणे, सातारा, रायगड हे समीकरण इतके पक्के झाले आहे की, झाडीपट्टीच्या वाट्याला मराठी कादंबरीचे पान क्वचितच येते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या मुलखाला इतिहास नव्हता काय? अठराव्या शतकाच्या प्रारंभी चांद्याच्या गोंड राजघराण्यातील राणी हिराईने पती बीरशहाच्या निधनानंतर दत्तक पुत्राच्या नावाने राज्यकारभार सांभाळला आणि पतीची भव्य समाधी चंद्रपुरात उभारली. एका पत्नीने पतीच्या स्मरणार्थ उभारलेली ही वास्तू आजही पाहता येते. प्रीतीची आणि कर्तव्याची याहून उत्कट कथा कोणत्या लेखकाला हवी?

आणि नवेगावच्या तलावाचे काय? परंपरा सांगते की, अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने हे गाव वसवले आणि डोंगरांच्या मधोमध बांध घालून पाणी अडवले. सभोवतालच्या सात डोंगरांना लोक सातबहिणी म्हणतात आणि कोलू पाटलाला कोलासुर देव म्हणून पूजतात. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास त्या पाण्याखाली भिजणारी जमीन देऊ केली आणि कोहळी समाजाने या मुलखात शेकडो तलाव खोदून धान व ऊस पिकवला, असेही परंपरा सांगते. गोंड राजा आणि कोहळी शेतकरी, वनवासी आणि कुणबी यांनी मिळून उभारलेले हे जलवैभव म्हणजे समाजाच्या एकरसतेचे जिवंत स्मारक आहे. तलवार न उपसता देवपदाला पोहोचलेला हा पाटील, त्याचे घरदार, त्याचे श्रम, पहिल्या पावसात बांध टिकेल की फुटेल या काळजीने काढलेल्या रात्री, या सर्वांवर कादंबरी लिहायला कल्पनेला मोकळे रान आहे. कारण येथे कागद बहुतांशी मुका आहे आणि पाणी मात्र बोलते आहे.

रसिकांची तर येथे वाणच नाही. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार रंगते आणि वडशाच्या मंडळांची नाटके धान घरात आल्यावर रात्ररात्र चालतात. झाडीपट्टी रंगभूमीची सेवा करणारे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रसिकतेची देशाने दखल घेतली. थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहणारा हा प्रेक्षक खरे आणि खोटे झटकन ओळखतो. जो नट नुसता ओरडतो त्याला तो हसतो. जो मनापासून बोलतो त्याच्यासाठी रडतो. कादंबरीकाराला याहून कठोर आणि याहून प्रेमळ परीक्षक मिळणार नाही.

वाचकाची निराशा हे शुभचिन्ह मानावे. ज्याला अपेक्षाच नाही तो निराश होत नाही. आपल्या पूर्वजांविषयी कोणी काहीही लिहिले तरी ज्याला फरक पडत नाही, तो समाज खऱ्या अर्थाने निजलेला. हा वाचक जागा आहे आणि तो अधिक चांगले मागतो आहे. त्याच्या मागणीला दुसरी गुळगुळीत प्रेमकथा हे उत्तर नव्हे आणि पुस्तकांची होळी हेही नव्हे. झाडीपट्टीतील एखाद्या शिक्षकाने, एखाद्या महाविद्यालयीन मुलीने कोलू पाटलाच्या बांधावर बसून, गावातील वृद्धांना विचारून, जुने महसुली कागद चाळून लिहायला घ्यावे. पहिला खर्डा फसेल, दुसराही फसेल. पण बांध तरी एका पावसाळ्यात कोठे उभा राहतो?